नानांची उलटी फरशी

माझे घरमालक नाना यांनी मला एवढ्या वर्षांत एकदाही नावानं हाक मारली नाही. मी प्रशांत, लातूरकडून नोकरीसाठी आयटी पार्कालगतच्या माण गावात आलोय, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण त्यांच्या लेखी मी ‘मासा’ होतो. कारण माझ्या खोलीच्या जमिनीवर निळ्या माशांच्या टाइल्स होत्या. त्या खरं तर बाथरूमच्या भिंतीसाठी केलेल्या. नानांनी त्या माझ्या पायाखाली घातल्या. शेजारची खोली ‘गुलाबफूल’, आणि तिच्यात राहणारा नागपूरचा धिप्पाड, दाढीवाला इंजिनिअरही गुलाबफूलच. ‘‘गुलाबफूल, मोटर बंद कर रं!’’ अशी खालून आरोळी आली की तो बिचारा मुकाट्यानं जिना उतरायचा. काकी, म्हणजे नानांच्या मंडळी, दर वेळी म्हणायच्या, ‘‘अवो, पोरांला आईबापानं नावं ठिवल्याती की!’’ त्यावर नानांचं उत्तर ठरलेलं होतं. ‘‘भाडेकरू येत्यात, जात्यात. स्टाईल हितंच ऱ्हाती.’’

टाइलला नाना ‘स्टाईल’ म्हणत. माणमध्ये बहुतेक जण तसंच म्हणतात, त्यामुळे त्यात त्यांचं एकट्याचं काही कर्तृत्व नव्हतं. त्यांचं कर्तृत्व होतं ते गोळा करण्यात. शेती आयटी पार्कात गेली, उरलेल्या तुकड्यावर चार मजली इमारत उभी राहिली, आणि तिच्या एकाही खोलीची फरशी दुसरीशी जुळत नव्हती. आजूबाजूला टॉवर उभे राहत. नाना संध्याकाळी टोपी घालून तिकडे फिरायला जात आणि येताना रिक्षात उरलेल्या टाइल्सची खोकी घेऊन येत. विकत घेण्याआधी प्रत्येक टाइल कानाजवळ धरून बोटाच्या पेरानं वाजवायचे, बाजारात मडकं वाजवून घेतात तशी. सुपरवायझर लोक कंटाळून म्हणायचे, काका, सब एक ही है. नाना ऐकायचे नाहीत. ‘‘ही बोलती, ही मुकी हाय,’’ असं म्हणून मुकी बाजूला ठेवायचे.

शब्दांच्या बाबतीतही त्यांची स्वतःची व्यवस्था होती. ‘‘वर घालतो त्ये कौल, खाली घालतो ती फरशी, आन पावण्यांला दाखवायला घालतो ती स्टाईल,’’ हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं. आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या चौकोनांनाही टाइलच म्हणतात, असं मी सांगितलं तेव्हा ते विचारात पडले. ‘‘त्याच्यावरनं कोण घसरतं का?’’ मी म्हणालो, रोज घसरतात नाना, आमचा मॅनेजर तर सारखा. एकदा त्यांनी मला हा शब्द आला कुठून ते शोधायला लावलं. मी फोनमध्ये पाहून सांगितलं की इंग्रजांनी तो लॅटिनमधून उचलला, मुळात अर्थ झाकणं, आणि आधी तो छपरावरच्या कौलांनाच म्हणायचे. नाना भलतेच खूश झाले. ‘‘म्हंजी आमचं कौलच की! छपरावर बसायचं सोडून खाली आलं आन लोकांचं पाय मोडाय लागलं.’’ पुढे कितीतरी दिवस ते भेटेल त्याला लॅटिन लोकांची साक्ष काढत होते.

जमीन गेली तरी काकींनी शेरडं सोडली नव्हती. इमारतीच्या मागे पत्र्याखाली त्यांची चार-पाच शेरडं असायची आणि काकींचा अर्धा दिवस तिथेच जायचा. चौथा मजला पूर्ण झाला तेव्हा पांढऱ्याशुभ्र, आरशासारख्या टाइल्स उरल्या. आपल्या घरात सगळ्यांच्या पायाखाली स्टाईल आली, मग शेरडांनीच काय घोडं मारलं, असा न्याय करून नानांनी त्या गोठ्यात बसवल्या. वर नारळही फोडला. काकींची लाडकी राणी पहिली आत शिरली आणि चारी पाय चार दिशांना फाकवून तिथेच बसली. मागच्या दोघी तिच्यावर येऊन आदळल्या. उरलेल्यांनी उंबऱ्यावरूनच असा काही सूर लावला की वरच्या मजल्यावरचे भाडेकरू मीटिंग सोडून गॅलरीत आले. काकी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. ‘‘मिरवायची हौस माणसांला असती. शेरडांला न्हाई,’’ त्या म्हणाल्या.

नानांनी सगळ्या टाइल्स उखडल्या, पण फेकून देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच टाइल्स पालथ्या घातल्या. चकचकीत बाजू खाली, पाठीची खरबरीत बाजू वर. पाठीवर उंच चौकड्या आणि कारखान्याचा शिक्का. राणी खूर टेकवत टेकवत आत गेली आणि शेवटी मजेत रवंथ करायला बसली. गावानं नानांना ‘उलटी फरशी’ म्हणायला सुरुवात केली. मीही पुष्कळ हसलो. एकदा मी विचारलं, ‘‘नाना, आता टोपीपण उलटी घालणार का?’’ तर म्हणाले, ‘‘डोक्याला खूर फुटल्यावर घालीन.’’

मग काकी पडल्या. त्यांच्या धाकट्या मुलानं, संदीपनं, स्वतःच्या साखरपुड्यासाठी तळमजल्याच्या हॉलला नवी फरशी घातली होती. इतकी गुळगुळीत की पंख्याचं पातं तिच्यात दिसे. ओल्या पायांनी मागच्या दारातून येताना काकी घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, त्या घरी आल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं की आता चालल्या नाहीत तर कायमच्या अंथरुणाला खिळतील. पण काकी पाय खाली टेकवायलाच तयार होईनात. ‘‘पाय ठिवला की फरशी खालनं पळती,’’ एवढंच म्हणायच्या. वॉकर आणला, गोणपाटं टाकली, गालिचा टाकला. काकी पलंगाची कड सोडत नव्हत्या. मागून राणी ओरडायची, आणि काकी भिंतीकडे तोंड करून पडायच्या. चेष्टा करायची माझी हौस त्या दिवसांत पार आटली होती. नाना तर मला मासा म्हणायचंही विसरले, नुसतं ‘‘आलास व्हय?’’ म्हणायचे. मला त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

एका रविवारी सकाळी हातोड्याचा आवाज आला म्हणून मी खाली गेलो. नाना हॉलमध्ये उकिडवे बसून संदीपची नवी फरशी फोडत होते. काकींच्या पलंगापासून मागच्या दारापर्यंत सरळ एक पट्टा. गोठ्यातून उरलेल्या टाइल्स शेजारी रचलेल्या, त्यांची चकचकीत बाजू सिमेंट धरावं म्हणून छिन्नीनं टोचून ठेवलेली. संदीप दारात उभा राहून जवळजवळ रडत होता.

‘‘नाना, पावनं येणार हायेत! लोकं काय म्हंतील?’’

‘‘म्हंतील, म्हाताऱ्याला स्टाईल कळत न्हाई. म्हणू दे.’’

‘‘आवं, हॉलमधी गोठा केला तुमी!’’

‘‘तुझी आई गोठ्यात नीट चालत हुती,’’ नाना वर न बघता म्हणाले. ‘‘हॉलमधी पडली.’’

संदीपनं पँट दुमडली आणि सिमेंट कालवायला बसला. पलंगावरून काकी सगळं बघत होत्या, आणि आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच त्यांना बोलायला विषय मिळाला. ‘‘तिसरी वाकडी बसलीय. डोळं हायेत का गोट्या?’’ नानांनी तिसरी मुकाट्यानं सरळ केली.

सिमेंट सुकल्यावर नाना पलंगाजवळ उभे राहिले. ‘‘ऊठ. शेरडं चालली, तू बी चालशील.’’

‘‘मला शेरडांत धरलं व्हय?’’

‘‘शेरडं ऐकत्यात तरी.’’

त्या रागातच काकींनी पाय खाली टाकला. चौकड्यांवर तळवा दाबून पाहिला, एकदा, पुन्हा एकदा. मग दुसरा पाय. एक हात वॉकरवर, एक नानांच्या खांद्यावर, अशा त्या दोन फरश्या चालल्या आणि तिथेच थांबून दम खात म्हणाल्या, ‘‘टोचती.’’ नाना म्हणाले, ‘‘टोचू दे.’’ माझ्या डोळ्यांना धारा लागल्या आणि मी ते लपवलंही नाही. आठवडा संपायच्या आत काकी मागच्या दारात पोचून राणीला शिव्या घालत होत्या.

साखरपुड्याला पाहुणे आले. गुळगुळीत फरशीवर रेशमी पातळं सावरत पहिल्या दोन बायका डगमगल्या, आणि मग मुलीच्या आजीनं तो खरबरीत पट्टा हेरला. तिच्यामागे बाकीच्या. सगळं व्याह्यांचं बायकामंडळ एका रांगेत नानांच्या पट्ट्यावरून मागच्या दारी जेवायला गेलं. नाना कोपऱ्यात बसून बोटानं खुर्ची वाजवत होते. संदीपकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही, आणि तेच त्याला जास्त झोंबलं.

पुढे मी फ्लॅट घेतला आणि माण सोडलं. निघताना नाना म्हणाले, ‘‘आता मासा कुणाला म्हणू? पुढचा भाडेकरू बी मासाच हुईल, पर त्यो तू न्हाई.’’ त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळच झालं. गेल्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. संदीपनं त्याआधीच हॉलची बाकीची फरशी बदलून टाकली होती, पण त्या पट्ट्याला त्यानं गवंड्याला हात लावू दिला नाही.

नाना गेल्यावर मी भेटायला गेलो तेव्हा काकी पलंगावर बसल्या होत्या. मला वाटलं, आता नेहमीसारख्या ‘‘ये रं प्रशांत’’ म्हणतील. माझं नाव त्या घरात जपलं होतं ते त्यांनीच. मी दारात चपला काढल्या. त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं.

‘‘मासा आला व्हय?’’ त्या म्हणाल्या. ‘‘ये. दमानं ये, पट्ट्यावरनं ये.’’