लाइट गेली आणि नाना थांबले

माझं काम आकड्यांचं आहे. कारखान्यांच्या वीजमीटरांची नोंद तपासणाऱ्या एका लहान कंपनीत मी एकोणीस वर्षं आहे. आकडा मीटरजवळ उभं राहून घेतला की घरी बसून भरला, हे मला साधारण तिसऱ्या ओळीत कळतं. खरे आकडे ओबडधोबड असतात, घरी बसून भरलेले शहाण्या मुलासारखे रांगेत उभे राहतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात माझी अब्रू गेली ती याच मुद्द्यावर.

गेल्या वर्षी श्रावणात वडिलांच्या छातीत दुखलं आणि स्टेंट बसवावा लागला. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. खानदेशातून सुरतेला आले ते लूम्सच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कामाला, आणि गोडादऱ्याच्या एका कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षं काढली. कारखान्याला इथे सगळे खातं म्हणतात. त्या आजारपणात त्यांचा गावचा कानबाईचा रोट चुकला; कानबाई ही आमची खानदेशची देवी आणि रोट हा तिचा श्रावणातला नैवेद्य. रोटाला सगळी भावकी जमते. घराण्यातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घेतात, आणि मूठ लागते ती घरातल्या थोरल्याची. आमच्यात थोरले नाना. ते नव्हते म्हणून चुलत्यांनी आपल्या मुठीनं मोजलं.

"त्याची मूठ पोरीसारखी," नाना वर्षभर म्हणत होते. "रोट पुरला नाही. पाहुणे तोंड पाहत बसले."

यंदा त्यांना जायचं होतं. आठ दिवस आधी, आणि एकट्यानं. रोटाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, आम्ही पोहोचणारच होतो, पण ते थांबायला तयार नव्हते. मी अट घातली: एक महिना रोज सहा हजार पावलं चाला, मग जा. त्यासाठी पावलं आणि नाडी मोजणारं घड्याळ आणलं. आकडे थेट माझ्या मोबाइलवर येत, आणि मी ते दोनशे पानी वहीत उतरवून घेत असे, कारण मोबाइलचा भरवसा नाही.

नानांनी घड्याळ उलटसुलट करून पाहिलं. रागात असले की ते अहिराणीवर येतात. "मी काय गाय शे का, गयामा घंटी बांधाले?"

"नाना, तब्येतीसाठी आहे."

"तू मन्हा बाप शेस का मी तुन्हा?"

पण बांधलं. रोट होता ना.

पहिले चार दिवस साडेतीन, पावणेचार हजार. पाचव्या दिवशी सहा हजार दोनशे. मग रोजच सहा हजार दोनशे, सहा हजार तीनशे. मी ऑफिसात चार जणांना वही दाखवली. बायकोला म्हटलं, "बघ, शिस्त लावली की लागते." ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "नानांना? शिस्त?" आणि पुन्हा लाटायला लागली. मी ते मनावर घेतलं नाही.

दोन गोष्टी मात्र खटकत होत्या. एक, दर आठवड्याला एका ठरावीक वारी आकडा सातशेवर यायचा. नाना म्हणायचे, "पाय दुखत होते." त्या दिवशी खात्याला सुट्टी असते, हे मला माहीत होतं, पण जोडून पाहिलं नाही. दुसरं, रोज सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी नाडीची रेघ नाहीशी व्हायची आणि साडेदहाला परत यायची. मधली वीस मिनिटं पावलं जोरात पडत होती, मिनिटाला एकशेवीस. म्हणजे दिवसातल्या सगळ्यात वेगवान चालीच्या वेळी नानांचं हृदय बंद असायचं.

"घाम येतो, पट्टा सैल करतो," नाना म्हणाले. मी वहीच्या समासात लिहिलं: पट्टा सैल.

चोविसाव्या दिवशी पावलं दहा चौदाला थांबली. सलग अकरा मिनिटं शून्य. दहा पंचवीसला पुन्हा सुरू, तीच चाल, एकशेवीस. मी ते वाचलं तेव्हा ऑफिसात बसलो होतो आणि समोरच्या स्क्रीनवर गोडादऱ्याच्या लाइनचे मीटर उघडे होते. तिथे सगळ्या कारखान्यांचा विजेचा वापर एकदम शून्यावर आला होता. वेळ दहा चौदा. परत आला दहा पंचवीसला.

मी चष्मा पुसला. माणूस लाइट गेली म्हणून चालायचा थांबतो का? आणि लाइट आली की त्याच मिनिटाला निघतो का?

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन नानांच्या जुन्या खात्यावर गेलो. आत मागांचा आवाज एवढा की आपलाच खोकला ऐकू येत नाही. दाराशी बाकावर नाना बशीतून चहा पीत होते. शेजारी त्यांचे एक जुने सोबती, अजूनही तिथेच मागांची दुरुस्ती करणारे. आणि पहिल्याच मागावर, धाग्याला ठोकायला पुढं-मागं जाणाऱ्या दांड्यावर, पिवळ्या सुतानं व्यवस्थित तीन गाठी मारून माझं घड्याळ बांधलेलं. माग मिनिटाला एकशेवीस ठोके मारत होता. प्रत्येक ठोक्याला नाना गावाच्या दिशेनं एक पाऊल टाकत होते.

नाना दचकले नाहीत. बशी खाली ठेवली आणि कानाशी ओरडले, "तुले कसं समजनं?"

"काल लाइट गेली होती!" मीही ओरडलो.

त्यांच्या सोबत्यांनी कपाळावर हात मारला. "सांगत होतो ना भाऊ, जनरेटरवाल्या खात्यात जाऊ!"

रस्त्यावर येईपर्यंत मी भाषण तयार केलं होतं. ते सुरू व्हायच्या आत नाना म्हणाले, "सहा हजार कोणी सांगितले? डॉक्टरनं?"

डॉक्टर म्हणाले होते, रोज पाऊण तास चालवा. सहा हजार माझे. गोल आकडा आहे, लक्षात राहतो.

"मी घरून इथपर्यंत पायी येतो, पायी जातो. पाऊण तास होतो. वर तुझे जे उरतात ते माग चालतो. तुला आकडा पाहिजे, मला चहा." मग माझ्या मनगटाकडे पाहून म्हणाले, "आता आठ दिवस तू बांध. वही मी लिहितो. अट तीच. तू सहा हजार चाललास तर मी गावाला जात नाही. नाही चाललास तर गपचूप तिकीट काढ."

मी हो म्हटलं. मला स्वतःबद्दल शंका नव्हती.

वहीत नानांचं अक्षर मोठं आणि ते चहाच्या वेळी मोठ्यानं वाचायचे. पहिला दिवस दोन हजार एकशे चाळीस. दुसरा एक हजार नऊशे पंच्याऐंशी. मुलगी कॉलेजात आहे. तिनं आजोबांना मोबाइलवर नकाशा कसा उघडायचा ते शिकवलं, आणि तिथून घराचं चित्र बदललं.

"हे काय?" तिसऱ्या दिवशी नानांनी विचारलं. "संध्याकाळी पाच चाळीस ते पाच चोपन्न. पर्वत पाटियाच्या चौकात उभा. चौदा मिनिटं. एक पाऊल नाही."

"सिग्नल," मी म्हटलं.

मुलीनं नकाशा बोटांनी मोठा केला. "पप्पा, इथे फरसाणचं दुकान आहे. काल पण चौदा मिनिटं. परवा सोळा. पकडाई गया!" ती गुजरातीत ओरडली.

बायकोनं गॅस बंद केला. गेले सहा महिने ती रोज सकाळी मला दुधीचा रस देत होती. "अहो, तळलेलं बंद आहे ना तुमचं?"

"खमण वाफवलेला असतो."

"आणि त्यावरची शेव?"

"बरं, लिहितो," नाना म्हणाले, आणि समासात लिहिलं: सिग्नल. त्यांनी त्याला अवतरणचिन्हं दिली नव्हती, पण ती दिसत होती.

चौथ्या दिवशी मी त्या दुकानासमोरून मान खाली घालून गेलो. घड्याळ हातावर असलं की कोणी मागे चालतंय असं वाटतं. साहेबांनी आत बोलावलं की आधी मनात येई, आता नाडी वाढणार आणि संध्याकाळी ती वाचली जाणार. दुपारी जेवणानंतर मी खुर्चीत जरा डोळे मिटतो, हे एकोणीस वर्षांत कुणाला कळलं नव्हतं. नानांनी ते दोन दिवसांत शोधलं: "अडीच ते तीन, नाडी अठ्ठावन्न. पगार देतात याचा?"

सहाव्या दिवशी पाचपर्यंत आकडा दोन हजार तीनशे होता. मी दरवाजा लोटला, हात टेबलाखाली घेतला आणि हलवायला लागलो. चार मिनिटं. चारशे बारा पावलं झाली. शिपाई फाइल घेऊन आत आला, माझ्याकडे पाहून म्हणाला, "सर, मुंग्या आल्या का हाताला?"

ते चारशे बारा मला पचेनात. घरी आल्यावर नानांना म्हटलं, "आजच्या आकड्यातून चारशे बारा वजा करा. हातानं झाले."

नानांनी पेन उचललं, माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच हसले नाहीत. "सहा दिवसांत?" ते म्हणाले. "मला माग शोधायला चार लागले."

त्या रात्री जेवण झाल्यावर मी वही पहिल्या पानापासून वाचली. मागाची वीस मिनिटं रोजच्या रोज वजा करत गेलो. खाली जे उरलं ते तीन हजार आठशे, तीन हजार आठशे पंच्याहत्तर, तीन हजार नऊशे वीस. ओबडधोबड. चढावर नाडी वाढलेली, सावलीत उतरलेली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, स्टेंट घेऊन, माझ्या जवळजवळ दुप्पट. तिसऱ्या ओळीत कळायला हवं होतं मला.

सातव्या दिवशी सकाळी मी तिकीट काढलं, एकाचं. उधना स्टेशनवर नानांनी पिशवी माझ्या हातून काढून घेतली आणि पुलाच्या पायऱ्या न थांबता चढले. मी मागे राहिलो. घड्याळ माझ्याच हातावर होतं. ते काढून द्यायला लागलो तर म्हणाले, "राहू दे. तुझा आठवा दिवस बाकी आहे."

गुरुवारी गावाहून फोन आला. मागे बायकांचा गलका, कुणी जातं की सूप असं काही मागत होतं.

"गहू मोजले," नाना म्हणाले. "तुझी सव्वा मूठ घेतली. वहीत लिही."

मी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. "नाना, सव्वा मूठ म्हणजे साधारण किती ग्रॅम?"



"मूठ," नाना म्हणाले. "मन्ही."

मी तसंच लिहिलं.