आकडेमास्तरांनी सोडलेलं झाड

आकडेमास्तर ही पदवी त्यांना करवतवाल्यांनी दिलेली. लाकूड कंपनीत अकरा वर्षं त्यांचं काम एकच: पाडायच्या झाडावर छिन्नीने आकडा कोरायचा. तोही दोनदा. एक छातीच्या उंचीवर, तो ओंडक्याबरोबर जायचा; दुसरा मुळाशी, तो खुंटावर राहायचा. पुढे मास्तर, मागून करवती. "मी जन्मात एका झाडाला कुऱ्हाड लावली नाही," असं ते वर तोऱ्यात सांगत. ऐकणाऱ्याने हसावं की रडावं!

एका झाडाची गोष्ट मात्र त्यांनी घरात कितीदा तरी सांगितली होती. शेंड्याला जांभळ्या ऑर्किडचे झुबके, ढोलीत धनेश पक्ष्याचं घरटं. "तिथे माझा हात चालला नाही. सोडून दिलं." त्या झाडाचं एक फूल वहीत दाबून त्यांनी बायकोला पत्रातून पाठवलं होतं. बाईंनी ते चौकटीत बसवलं. भांडण विकोपाला गेलं की त्या चौकटीकडे बघत आणि म्हणत, "जाऊ दे. माणूस वाईट नाही." तीस वर्षांत कितीतरी भांडणं त्या सुकल्या फुलाने मिटवली.

यंदा डॉक्टरांनी सांगितलं, बाईंची नजर फार तर वर्षभर टिकेल. आत्ताच माणसं त्यांना धुक्यातून आल्यासारखी दिसत. त्यांनी रडारड केली नाही. एवढंच म्हणाल्या, "अहो, दिसतंय तोवर मला ते झाड दाखवा."

मास्तर पेचात पडले. नाही म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. मग एक घाणेरडा विचार मनात आला आणि तिथेच ठाण मांडून बसला. हिला धड दिसतंय कुठे? कुठलंही मोठं झाड दाखवलं की झालं.

लेकीने गाडी काढली. दोन दिवसांच्या रस्त्यानंतर जंगल लागलं, तशी ती गाडी हळू चालवत बोलू लागली. "आई, डावीकडे माकडीण. पोर पोटाशी धरलंय." "आई, ओढ्याकाठी पिवळी फुलं, नुसता सडा!" बाई काचेला नाक लावून बघत; अर्धं दिसे, अर्धं मानून घेत. एकदा डोक्यावरून जोरात फडफडाट गेला.

"धनेशच असणार!" बाई लहान पोरीसारख्या हसल्या. मागच्या सीटवर मास्तरांना ते हसणं ऐकवेना.

रस्त्याच्या कडेला एक प्रचंड झाड दिसलं, तिथे त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. "हेच ते."

बाईंनी बुंध्याला गाल लावला. बराच वेळ लावूनच ठेवला. मग दमल्या म्हणून शेजारच्या खुंटावर बसल्या. पोलादासारखं लाकूड, इतक्या वर्षांत कुजलं नव्हतं. शेवाळावरून फिरता फिरता त्यांची बोटं थबकली.

"अहो, हा तुमचा चार! शेपटीला हिसका आहे बघा. पत्रावरच्या तारखेत अस्साच असायचा." मग लेकीला म्हणाल्या, "फुलं आहेत का गं?"

"आहेत, पण खूप वर. दहा मजले तरी असेल. नुसते ठिपके दिसतात."

बाईंचा हात आकड्यावरच राहिला.

"तुम्ही माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढत नाही. घेरी येते म्हणता. मग ते फूल कसं काढलंत?"

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. मास्तरांच्या कपाळी तो तीस वर्षांनी बसला.

"काढलं नाही," ते म्हणाले. "झाड आडवं पडलं, तेव्हा हाताशी आलं."

"आकडा तुम्हीच घातला होतात?"

"हो."

"आणि घरटं?"

"मादी आत होती. ढोलीचं तोंड लिंपलेलं असतं. तिला बाहेर पडता येत नाही."

"मग हे झाड कुठलं?"

"कुठलंतरी."

लेक काही बोलणार होती, बाईंनी हातानेच तिला थांबवलं.

"तेव्हाच सांगायचं होतंत," त्या म्हणाल्या. "तेव्हा मला तुमचा चेहरा दिसत होता. आता खरं सांगताय की आणखी एक थाप मारताय, कसं ओळखू मी?"

मास्तर गुडघ्यांवर बसले. आपला चेहरा त्यांनी तिच्या चेहऱ्याजवळ नेला, नाकाला नाक लागेल इतका जवळ.

बाईंनी डोळे मिटून घेतले.