चंचीत मावतील तेवढ्याच शिट्ट्या

पिंपळनेरच्या शाळेत शेवंताबाई बावीस वर्षं खिचडी शिजवत आल्या आहेत. वय बासष्ट. त्यांना पाखरांच्या बोलीतलं काही कळतं हे शाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं. घरी सुनेला, मोहिनीला, तेवढं माहीत होतं की सासूबाईंच्या माहेरची एक पत्र्याची पेटी आहे आणि तिला हात लावायचा नाही.

फेब्रुवारीत धुळ्याच्या कॉलेजातली भाविका नावाची मुलगी शाळेत आली. पश्चिमेकडच्या डोंगरात राखी रानकोंबडा अजून किती उरला आहे, यावर ती अभ्यास करत होती. मुलांना तिने चित्रं दाखवली आणि मोबाइलवर रानकोंबड्याची बांग ऐकवली. स्वयंपाकघराच्या दारात शेवंताबाई हातात झारा धरून उभ्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर त्या भाविकाजवळ गेल्या आणि हळूच आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "हाऊ कोंबडा बांग नही देत, पोरी. हाऊ घाबरेल शे."

भाविका आधी हसली. मग तिने ती ध्वनिफीत पुन्हा लावली, डोळे मिटून ऐकली. ती फीत तिला कुणीतरी पाठवलेली होती. संध्याकाळी तिने पाठवणाऱ्याला फोन केला, तेव्हा कळलं की तो कोंबडा जाळीत अडकलेला असताना आवाज टिपला होता. दुसऱ्या दिवशी साडेनऊला ती शेवंताबाईंच्या दारात हजर होती.

शेवंताबाईंचे वडील उखर्डू शिकाऱ्यांबरोबर रानात जायचे. बंदूक त्यांची नव्हती. त्यांचं काम पाखरू बोलावण्याचं. स्वतःच्या हाताने केलेल्या शिट्ट्यांनी ते तितर, लावरी, मोर, रानकोंबडा, हवं ते झाडीतून बाहेर काढत. धाकट्या शेवंतालाही ते सोबत नेत, कारण कोंबडीचा आवाज तिला त्यांच्यापेक्षा चांगला जमायचा. ती अकरा वर्षांची असताना शिकारबंदीचा कायदा आला. उखर्डूंनी सगळ्या शिट्ट्या पेटीत ठेवल्या आणि पुढे आयुष्यभर शेतमजुरी केली. पेटी लेकीकडे आली ती त्यांच्या मागे.

पेटीत अकरा शिट्ट्या निघाल्या. भाविकाने वनखात्याची परवानगी आणली होती. मार्चअखेरीस करवंदीच्या घळीत मोजणी करायची, सोबत वनरक्षक भटू, आणि प्रत्येक जागी आवाज काढायचा तो मोजकाच, पाखरांना त्रास होणार नाही इतपत. ती शेवंताबाईंना म्हणाली, "अक्का, तुम्ही चला. मोबाइल मी घरीच ठेवते."

शेवंताबाईंनी हो म्हटलं ते दुसऱ्या दिवशी. पण त्या रात्री त्यांना आनंदाने धड जेवण गेलं नाही, असं मोहिनी नंतर सांगत होती.

खरी गंमत झाली ती मोजणीच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी. घळीत चढताना दोन्ही हात मोकळे हवेत, आणि पिशवीत वस्तू एकमेकींवर आपटल्या की रान आधीच सावध होतं. म्हणून शेवंताबाईंनी ठरवलं की आईची जुनी चंची न्यायची, पान-सुपारीची, तीन कप्प्यांची. एका कप्प्यात एक शिट्टी. अकरातून तीन.

त्यांनी सगळ्या शिट्ट्या अंगणात गोधडीवर मांडल्या आणि भाविकासमोर एकेक वाजवून बघू लागल्या. तितराचा भोक पाडलेला पत्रा आणि लावरीची कातड्याची पिशवी पहिल्याच फेरीत बाजूला गेली. ती पाखरं माळावरची, घळीत त्यांचं काम नाही. मग त्यांनी म्हशीच्या शिंगाची शिट्टी उचलली. काळीभोर, तुकतुकीत, तोंडाशी पितळी कडं. त्यांनी फुंकली मात्र, 'कुक्-कयाक्-क्युक्-क्युक्' असा काही आवाज उठला की शेजारच्या लताबाईंचा कोंबडा कुंपणावरून उडी मारून थेट गोधडीवर आला. पंख फुलवून तो शेवंताबाईंच्या अंगावर धावून गेला. मोहिनी हसत हसत केरसुणी घेऊन त्याच्या मागे पळाली.

भाविकाचे डोळे चमकत होते. तिला हीच शिट्टी हवी होती. इतकी दूर ऐकू जाणारी दुसरी नव्हती. शेवंताबाई बराच वेळ ते शिंग पदराने पुसत बसल्या. वडिलांच्या हातची सगळ्यांत देखणी वस्तू ती. शेवटी त्यांनी ते परत पेटीत ठेवलं.

"गावना कोंबडा कशालेबी फसस," त्या म्हणाल्या. "घळमा पाखरं थोडा शेतस. शिंग वाजाडं का तरना कोंबडा गप बशी जाई. त्याले वाटी, मोठा धनी उना."

म्हणजे शिंगाचा आवाज ऐकून तरण्या कोंबड्याला वाटणार, कुणी थोरला कोंबडा आला; बोलवायचं तर कोंबडीच्या आवाजात. त्यासाठी सागवानी डबी घेतली. तिच्या काठावर लाकडाची पट्टी घासली की कोंबडी दाणे टिपताना करते तसा 'कुक, कुक' आवाज निघतो. पट्टीला लावायला शाळेतला खडू. दुसरी करवंटी, तोंडावर ताणलेलं कातडं आणि मधून दोरा. ओल्या बोटांनी दोरा ओढला की कोंबडी दुरून साद घालते तसं वाटतं. तिसऱ्या कप्प्यासाठी त्यांनी करंगळीएवढी बांबूची पिपाणी उचलली. तिच्यातून चुकलेल्या पिल्लाची चिवचिव निघायची. भाविकाला ती वाया गेलेली जागा वाटली आणि तिने तसं सांगितलंही. शेवंताबाईंनी पिपाणी कप्प्यात घातली आणि चंचीची नाडी बांधली.

सोमवारी पहाटे पाचला तिघं घळीच्या तोंडाशी होती. भटू पुढे, मधे शेवंताबाई, मागे वही घेऊन भाविका. शेवंताबाई इतक्या भरभर चढत होत्या की भटूने दोनदा मागे वळून पाहिलं. शाळेत गुडघा धरून उठणारी बाई ही नव्हेच.

पहिल्या जागी दहिवर पडलं होतं. शेवंताबाईंनी करवंटीचा दोरा ओढला, तर नुसता भसाडा आवाज. कातडं गारठ्याने सैल पडलं होतं. त्यांनी करवंटी कप्प्यात ठेवली आणि डबी काढली. कुक, कुक. तिघं थांबली. काही नाही. दुसऱ्या जागीही काही नाही. फक्त एक वानर खोकल्यासारखं ओरडलं. भाविकाने वहीत दोनदा शून्य लिहिलं. तिला मनातून ते पितळी कड्याचं शिंग आठवत होतं.

तिसरी जागा करवंदीच्या जाळ्यांच्या वर होती. उजाडलं होतं. शेवंताबाई एका खडकाआड बसल्या, पट्टीला खडू लावला आणि अगदी हलकेच तीनदा घासली.

समोरच्या उतारावरून उत्तर आलं. एकदाच. कुक्-कयाक्.

भाविकाने भटूचं मनगट गच्च धरलं. तिला वाटलं, आता लगेच पुन्हा वाजवावं. पण शेवंताबाईंनी डबी मांडीखाली सरकवली. पाच मिनिटं गेली, मग दहा. भटूच्या मानेवर मुंग्या चढल्या, तरी तो हलला नाही. कोंबडा पुन्हा बोलला नाही. शेवंताबाईंचा चेहरा मात्र लहान पोरीसारखा फुलला होता. त्यांनी पिपाणी ओठांत धरली आणि दोनच वेळा चिवचिव केली.

जाळीखालचा पाला खसखसला. आधी आली ती तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची कोंबडी, मान ताठ, सगळीकडे बघत. आपलंच पिल्लू कुठे चुकलं का, ते शोधायला आलेली. आणि तिच्या मागोमाग, तिला एकटीला सोडवेना म्हणून, कोंबडा. राखी अंग, मानेवर पिवळे थेंब, शेपटी काळी-निळी. खडकापासून वीस पावलांवर तो उन्हात उभा राहिला.

आठ वर्षांची असताना अशाच एका घळीत, पाखरू बाहेर आलं की, शेवंता दोन्ही कानांवर हात दाबून घ्यायची. पुढचा बंदुकीचा आवाज तिला ऐकवत नसे. आज त्यांचे हात मांडीवरच राहिले. कोंबड्याने पाला उकरला, एक किडा कोंबडीपुढे टाकला. त्याच्या पायांखाली वाळकी पानं मोडत होती, तीही ऐकू येत होती. पन्नास वर्षांत त्यांनी हे इतक्या जवळून पाहिलं नव्हतं, आणि खरं तर त्याआधीही शेवटपर्यंत कधी पाहिलं नव्हतं.

भाविकाने खूण केली, आणखी एकदा वाजवा, तो अजून जवळ येईल. शेवंताबाईंनी मान हलवली.

"पुरे," त्या कुजबुजल्या. "आते त्यासले पिल्लासकडे जाऊ दे."

जोडी जाळीत परत गेली तेव्हा आत बारीक चिवचिव उठली. भाविकाने मोजली, चार तरी पिल्लं होती. तिने तो आकडा वहीत दोनदा गिरवला. भटू या घळीत सहा वर्षं गस्त घालत होता, पण रानकोंबड्याची पिल्लं त्याने पहिल्यांदाच ऐकली होती.

उतरताना शेवंताबाईंचं तोंड थांबत नव्हतं. त्या भटूला सांगत होत्या की पलीकडच्या नाल्यात दुसरा कोंबडा असणार, हा एकदाच बोलून गप्प झाला तो त्याच्याच भीतीने. भटूने लगेच पुढच्या सोमवारची मोजणी त्या नाल्यात ठरवली. भाविकाने मोजणीच्या तक्त्यात निरीक्षकांच्या रकान्यात शेवंताबाईंचं नाव पहिलं घातलं आणि त्यांना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, चला लवकर, दहाला तांदूळ धुवायचे आहेत.