वाळवणवाल्या व्हर्नाचं नाक

पांढरी व्हॅन डोंगराचं शेवटचं वळण चढून येताना दिसली तशी व्हर्ना टिबेट्सनं खिशातलं पेन काढलं आणि गाडीचा नंबर तळहातावर लिहून घेतला. शेताची मालकीण ऑड्रा पायरीवरून बघत होती.

"अगं व्हर्ना, मीच बोलावलंय त्याला!"

"असेल. पण मागं खिडक्या का नाहीत मग गाडीला?"

हंबोल्ट परगण्यातल्या त्या डोंगरात गांजा पिकवणं कायदेशीर होऊन काही वर्षं झाली होती. ऑड्रानं परवाना चौकटीत घालून स्वयंपाकघरात लावला होता. व्हर्नाच्या मनापर्यंत मात्र तो अजून पोचला नव्हता. तिची उमेदीची वर्षं पोलिसांच्या हेलिकॉप्टरची घरघर ऐकली की झाडीत पळण्यात गेली होती. एका सप्टेंबरात ओढ्यापलीकडची तीन घरं धाडीत एकाच सकाळी रिकामी झाली. खबर देणारा आठवडाभर आधी त्यांच्याच टेबलाशी बसून ॲपल पाय खाऊन गेला होता. तेव्हापासून व्हर्ना फोनवर नाव सांगायची नाही, आणि वाळवणीसाठी पंखा घ्यायचा तर दोन गावं सोडून तिसऱ्या गावी जायची. आता वय सहासष्ट, पण सवय तीच.

वाळवण हे तिचं काम. आधी ऑड्राच्या आईच्या हाताखाली आणि आई गेल्यावर ऑड्रासाठी, असे तिनं एकतीस हंगाम काढले होते. ऑक्टोबरात झाडं कापली की फांद्या लाकडी खोलीत तारेवर उलट्या टांगायच्या. खोली अंधारी आणि गार हवी. हवा हलती हवी, पण फुलांच्या तुऱ्यांना थेट वारा लागता कामा नये. दहा-बारा दिवसांनी देठ वाकवून कानाशी धरायचा. नुसता वाकला तर थांबायचं, कट्‌कन मोडला तर उतरवायचं. मग बरण्यांत भरून, रोज झाकण उघडून श्वास द्यायचा, असा महिनाभर. पण खरी ख्याती तिच्या नाकाची. दार उघडून ती एक श्वास घ्यायची आणि सांगायची, "डावीकडची तिसरी तार, खालच्या फांदीत ओल राहिलीय." आणि तिथंच असायची ती.

व्हॅनमधून उतरला तो इमेट क्विग, तिशीतला, कानावर पेन्सिल खोचलेला. त्यानं बकऱ्यांच्या जुन्या गोठ्यात कपाटाएवढं यंत्र बसवलं. गांजा गोठवून सुकवायचं यंत्र. ओले तुरे त्यात ट्रेवर पसरायचे. आत ते बर्फासारखे गोठतात, मग पंप आतली हवा ओढून घेतो आणि तुऱ्यांतला बर्फ पाणी न होताच वाफ होऊन निघून जातो. बारा दिवसांचं काम एका दिवसात. ऑड्राला हे हवं होतं, कारण गेल्या दोन हंगामांत धुक्यानं बराच माल खराब केला होता.

इमेटनं गोठ्याला कुलूप लावलं तशी व्हर्ना पुढे झाली.

"कुलूप कशाला?"

"महागाचं यंत्र आहे. शिवाय मधेच कुणी दार उघडलं तर सगळा घाणा वाया जातो."

"इथं कोण उघडणार आहे? मी?"

इमेट हसला. त्या हसण्याचाही तिनं अर्थ काढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रे बाहेर आले. तुरे अगदी आत्ता झाडावरून तोडल्यासारखे हिरवे, फुगीर होते. वरची बारीक दहिवरासारखी चमक जशीच्या तशी. व्हर्नानं एक उचलला. पिसासारखा हलका. तिनं नाकाशी नेला, मग पुन्हा नेला.

"वास कुठंय?" तिनं विचारलं.

"काय म्हणता? अख्खा गोठा घमघमतोय."

व्हर्नानं ऑड्राकडे पाहिलं. ऑड्रा चाचरत म्हणाली, "येतोय की गं. लिंबासारखा."

म्हणजे हीसुद्धा सामील, व्हर्नाच्या मनात आलं. पोरीला यानं पुरतं गुंडाळलंय.

"आणि वजन? दहा किलो ओला माल घातला होतास. हे दोन किलो भरेल जेमतेम. माझ्या खोलीत यापेक्षा जास्त भरतं. बाकीचा कुठं गेला?"

इमेटनं गोठ्याच्या कोपऱ्यातली बादली पुढे सरकवली. यंत्राच्या गार भिंतींवर त्या वाफेचा पुन्हा बर्फ झाला होता, तो वितळून त्याचं पाणी तीत जमा झालं होतं. "इथं गेला. तुमच्या वाळवणीत थोडी ओल मुद्दाम ठेवता तुम्ही. यात ती राहत नाही. करा वजन."

तिनं केलं. तुरे आणि पाणी मिळून जवळजवळ दहा किलो भरले. घरून स्वतःचा काटा आणून तिनं पुन्हा वजन केलं. तेवढंच आलं. तेव्हा तिला वाटलं, पाणी मागाहून ओतलं असेल.

दुसऱ्या दिवसापासून तिनं गोठ्यासमोर खुर्ची टाकली. सकाळी कॉफीचा थर्मास घेऊन बसायची ती अंधार पडेपर्यंत. इमेट किती ट्रे आत नेतो, किती बाहेर आणतो, व्हॅनचं दार किती वेळा उघडतो, सगळ्यावर तिची नजर. एकदा तो जेवायला घरात गेला तेव्हा तिनं व्हॅनमध्ये डोकावून घेतलं. हत्यारांची पेटी, झोपायची पिशवी आणि मक्याच्या लाह्यांची पाकिटं. इतक्या लाह्या एकट्या माणसाला कशाला लागतात, याचाही तिनं विचार केला.

आणि याच दिवसांत समुद्राकडून धुकं आलं. तीन दिवस हललं नाही. तिच्या खोलीत त्या वेळी शंभरावर फांद्या टांगलेल्या होत्या. अशा दिवसांत ती एरवी चार-चार खेपा घालायची. ओलावा ओढणाऱ्या यंत्राची टाकी भरली की ते आपोआप बंद पडतं, म्हणून दिवसातून दोनदा ओतायची. या वेळी ती सकाळी एकदा दार उघडायची, श्वास घ्यायची, सगळं ठीक वाटायचं, आणि लगबगीनं खुर्चीवर परत. टाकीकडे तिचं लक्षच गेलं नाही.

चौथ्या दिवशी ऑड्रा दोरी शोधत वाळवणीच्या खोलीत शिरली आणि दारातूनच ओरडली, "व्हर्ना! अगं कसला कुबट वास येतोय हा!"

व्हर्ना धावत आली. दारात उभं राहून तिनं छातीभर श्वास घेतला.

"कुठं? मला नाही येत."

"नाही येत?" ऑड्रानं तिच्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. मग आत जाऊन उत्तरेकडच्या कोपऱ्यातली एक फांदी ओढून काढली आणि तुरा उकलला. आत राखाडी, केसाळ बुरशी. शेजारची फांदी तशीच. त्या कोपऱ्यातल्या तीन तारा गेल्या होत्या.

"त्यानं ओलाव्याचं यंत्र बंद केलं!" व्हर्ना म्हणाली. "मी जेवायला गेले की तो इकडे..."

"टाकी काठोकाठ भरलीय, व्हर्ना. यंत्र कुणी बंद केलेलं नाही." ऑड्राचा आवाज खाली आला. "तुला खरंच वास येत नाहीये का?"

व्हर्नानं फांदी तिच्या हातातून घेतली, नाकाला लावली. मग फांदी खाली ठेवून ती आपल्या घराकडे चालू लागली.

स्वयंपाकघरात तिनं कॉफीचा डबा उघडला. नाक आत घातलं. काही नाही. मग व्हिनेगर, मग लसूण ठेचून, मग कंदिलातलं रॉकेल. रॉकेलनं डोळ्यांत पाणी आलं, वास नाही आला. फेब्रुवारीत ती पंधरा दिवस तापानं पडली होती. त्यानंतर जेवण बेचव लागायला लागलं तेव्हा तिनं दुकानदाराला दोष दिला होता, कॉफीत भेसळ करतोस म्हणून. साबणाची कंपनी बदलली होती. ऑड्रानं सूपमध्ये मीठ कमी घातलं म्हणून एकदा ताट सरकवलं होतं. आठ महिने ती सगळ्या जगावर संशय घेत होती, आणि वाळवणीच्या खोलीत मात्र तिला रोज वास येत होता, कारण एकतीस वर्षांचा तो वास तिच्या डोक्यातच भरलेला होता. ती टेबलाशी बसून राहिली. लसणाच्या पाकळ्या पुन्हा डब्यात टाकायचंही तिला सुचलं नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत ती गोठ्यात गेली. इमेट ट्रे पुसत होता.

"तुझ्या त्या पहिल्या घाण्याचा वास कसा होता? सांग."

"लिंबाची साल," तो म्हणाला. "आणि मागून मिरी. थोडी देवदाराची ओली साल."

तिनं मान हलवली आणि घरात जाऊन ऑड्राला वेगळं विचारलं. ऑड्रा म्हणाली, "लिंबू म्हटलं होतं ना. आणि नाकात चुरचुरतं, मिरीसारखं." दोघांचं जुळलं. त्यांनी आधी ठरवून ठेवलं असेल, असा विचार व्हर्नाच्या मनात आलाच. पण या वेळी तिला त्याची लाज वाटली.

"माझं नाक गेलंय, ऑड्रा," ती म्हणाली. "तापापासून. मलाच आज कळलं."

ऑड्रानं तिला जवळ घेतलं. व्हर्नाला ते फारसं आवडायचं नाही, पण ती उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तिघांनी मिळून खोली साफ केली. चांगल्या फांद्यांतला ओला माल इमेटनं यंत्रात घातला आणि तो वाचला. उरलेला व्हर्नानं तारेवर ठेवला, पण आता ती दर तासाला देठ मोडून कानाशी धरत होती आणि तुरे बोटांनी दाबून बघत होती. नोव्हेंबरच्या शेवटी तिघांनीही दोन्ही माल ओढून पाहिला. यंत्रातला दिसायला देखणा, पण बोटात घेताच भुगा व्हायचा, आणि धूर घशाला ओरखडत जायचा. तारेवरचा तपकिरीकडे झुकलेला, पण धूर मऊ.

"याला विसावा मिळालेला नाही," व्हर्ना यंत्रातल्या मालाबद्दल म्हणाली. "घाईनं झोपवलेल्या पोरासारखा आहे. घसा सांगतोय मला, नाक नव्हे."

"बरोबर आहे तुमचं," इमेट म्हणाला. "वास टिकवायचा तर हे यंत्र, ओढायला तुमची खोली."

तो खरं बोलतोय की गोड बोलतोय, हे तिनं क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर शोधलं. मग तिनं त्याच्या पुढ्यात ॲपल पायचा तुकडा सरकवला.

शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं की वास परत येईल किंवा येणारही नाही. पुढच्या हंगामात धुक्याच्या दिवसांतला आणि अर्कासाठीचा माल यंत्रात जायचा, बरण्यांचा माल तारेवर. रोज सकाळी व्हर्ना ऑड्राला घेऊन वाळवणीच्या खोलीचं दार उघडायची आणि तिला आधी आत ढकलायची.

"घे श्वास. काय येतंय?"

"गवत. थोडं लिंबू. डावीकडे काहीतरी जड आहे."

"जड म्हणजे? ओलं की कुजकं?"

"ओलं... बहुतेक."

"बहुतेक नको," व्हर्ना म्हणायची आणि डावीकडच्या तारेवरचा देठ मोडायला पुढे व्हायची.