वाकवलेले क्रँक

व्यंकट तीस वर्षं भूममध्ये सायकली दुरुस्त करतो. हर्षालीची पहिली सायकल त्यानंच जोडली होती. कॉलेजला जाता-येता गुडघे दुखायला लागले, तेव्हा ती आधी त्याच्याकडंच आली.

"काका, दोन्ही पायडलं लई लांब-लांब हायत. पाय फाकवून बसल्यागत होतं."

व्यंकट हसला. "सायकल अशीच असती, पोरी. गुडघ्याला तेल लाव."

ती समोरच्या दगडोबा लोहाराकडं गेली. विळे-खुरपी करणारा माणूस! त्यानं दोन्ही क्रँक, म्हणजे पायडलांच्या दांड्या, काढून भट्टीत तापवले, आत वाकवले, पायडल बसतं ती टोकं पुन्हा सरळ केली. पायडलांमधलं अंतर चांगलं दोन बोटं कमी झालं. व्यंकट दुकानातून बघत होता. आपल्याला का सुचलं नाही, हेच त्याला खुपत होतं.

मग दगडोबानं विळ्याच्या सवयीनं लालबुंद क्रँक पाण्याच्या बादलीत बुडवले. चर्रर्र झालं.

व्यंकटला बरं वाटलं. पाणी दिलं की विळ्याची धार टिकते. अंगाचं वजन झेलणारं लोखंड मात्र असं कडक झालं की काचेसारखं तुटतं.

दगडोबानं क्रँक बसवले. हर्षाली स्टँडपर्यंत चक्कर मारून हसतच आली. "दगडोबाकाका, गुडघा बोललासुद्धा नाही!"

तीस वर्षांत व्यंकटच्या दुकानासमोर कुणी असं हसलं नव्हतं. आता गप्प बसायचं, एवढंच काम होतं. क्रँक तुटला की दगडोबाचं नाव गेलं. व्यंकट हातातला घट्ट नट पुन्हा पुन्हा आवळत राहिला.

"येते मी," हर्षाली म्हणाली. गावच्या चढावर ती उभी राहून पायडल मारते, हे त्याला ठाऊक होतं.

त्यानं धावत जाऊन हँडल धरलं. "उतर खाली."

"का रं व्यंकट, पोटात दुखाया लागलं?" दगडोबा म्हणाला.

"दुखतंय. सकाळपासनं दुखतंय. पर तू क्रँकला पाणी दिलंस, दगडू. पोरगी चढावर पडंल."

दगडोबानं बादलीकडं बघितलं. चेहरा उतरला. "सवय रं..."

क्रँक व्यंकटनंच काढले. दगडोबानं ते पुन्हा तापवले आणि हळूहळू गार व्हावेत म्हणून राखेत पुरले. वेळ लागणार होता. हर्षालीनं चहा आणला.

पहिला कप तिनं दगडोबाला दिला.

व्यंकटनं ते बघितलं.