मान खाली घालणारी घोडी

वरातीच्या घोडीनं मान खाली घालायची नसते, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. नवरदेव बसला की तिची मान ताठ दिसली पाहिजे. म्हणून तोंडातला लगाम वादीनं मागे ओढून खोगिराला आवळायचा आणि तशा बांधल्या मानेनं तिला बँडपुढे नाचवायचं. मुलींनी मात्र मान खाली घालून चालायचं. हे दोन्ही नियम कुणी केले देव जाणे, मला एकही कधी पटला नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही गोडादऱ्यात, कापड कामगारांच्या वस्तीत राहत होतो. आबा, म्हणजे माझे वडील, एरवी कापडाच्या लूमवर कामाला आणि लग्नसराईत घोडी घेऊन वरातीत. घोडी सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली, पांढरी, अंगानं नाजूक. नवरदेव मात्र एकेक तुपात घोळलेली घारी खाऊन पोसलेले! एका लग्नसराईत तिची पाठ पार खचली. खोगीर दिसलं की ती कान मागे टाकायची, पाठीला हात लावला की कळवळून खाली दबायची. आबांनी उपाय काय केला, तर खोगिराखाली आणखी एक गोधडी घातली. गोधडीवर खोगीर डगमगायला लागलं, म्हणून पोटाचा पट्टा आणखी आवळला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय! शेवटी एका मांडवाच्या दारात तिनं सरळ बसकणच मारली आणि नवरदेव फेट्यासकट रस्त्यावर गेला. मला हसू आवरलं नाही, त्याची वेगळी बोलणी खाल्ली.

"दिवाईनंतर लगीनसराई शे," आबा म्हणाले. "तवलोंग बरी नही व्हयनी, ते भट्टीवालाले इकी टाकसू."

कडोदऱ्याकडच्या वीटभट्टीला विकून गाडी ओढायला लावली असती, तर ती तिथंच संपली असती. आबांनाही ते ठाऊक होतं, म्हणून बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

"इकीसन देखा!" मी म्हटलं.

मी तिला खाडीच्या बंधाऱ्यावर चरायला न्यायचे. तिथं एक गोष्ट माझ्या लक्षात आली. चरताना मान खाली गेली की तिची खचलेली पाठ हळूच वर यायची. मान वर केली की पाठ पुन्हा खाली. म्हणजे आम्हीच वादी बांधून तिची पाठ मोडत होतो! मला इतका संताप आला की घरी येऊन ती वादी मी चुलीत घातली. घरभर चामड्याचा वास सुटला आणि आई दिवसभर माझ्या नावानं खडे फोडत बसली.

मग मी तिला नव्यानं चालायला शिकवलं. खोगीर नाही, पाठीवर कुणी नाही. फक्त लांब दोर आणि जमिनीलगत धरलेला मूठभर लसूणघास. मान खाली ठेवून बंधाऱ्याचा चढ चढायचा, सावकाश उतरायचा. कापडाच्या ताक्यांच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळ्या आडव्या मांडून त्या ओलांडायला लावायच्या. सुरुवातीला ती चारदोन पावलांतच मान वर फेकायची, सवयच ती! मी पुन्हा घास खाली धरायचे. गल्लीतल्या बायका ओट्यावरून विचारायच्या, "घोडीले चालाले शिकाडी ऱ्हायनी, तुन्ह लगीन कवय?" मी म्हणायचे, "पहिले घोडी चालू द्या, मंग नवरानं देखसू."

हळूहळू पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलं. आधी नुसती गादी ठेवली, मग खोगीर. शेवटी एके सकाळी मीच वर बसले, दोन्हीकडे पाय टाकून, सगळ्या गल्लीदेखत. ती खचली नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

दिवाळीनंतरची पहिली वरात कतारगामच्या एका गुजराती घरातली. घोडीचा दोर मी कुणाच्याही हातात दिला नाही. मान खाली घालून ती झपझप चालत होती. चौकात बँडला जोर चढला, तसे नवरदेवाचे मामा तिची बैलासारखी खाली गेलेली मान बघून आडवे आले.

"आ घोडी छे के बळद? मोढुं ऊंचुं बांधो, नचावो एने!"

"नाचवुं होय तो तमे नाचो, मामा," मी म्हटलं. "बॅन्ड तमारुं ज छे."

बँड थांबला. मामांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून आबांच्या हातात कोंबला. यानं मान वर बांधा, नाहीतर दुसरी घोडी मागवतो, म्हणाले. आबांनी आयुष्यात गिऱ्हाइकाला कधी नाही म्हटलं नव्हतं. दुपट्टा घेऊन ते घोडीपाशी आले. पण दोर मी सोडला नाही.

त्यांनी खोगिराच्या मागे तिच्या पाठीवर हात ठेवला, चांगला दाबून पाहिला. ती दबली नाही. मग दुपट्टा घडी करून मामांच्या खांद्यावर परत ठेवला.

"नवरदेवले उतार," ते मला म्हणाले. "घोडी घर लई चाल."