विमानाच्या नाकातलं शिसं

फोरमनकाका जगातली कुठलीही वस्तू आधी तोंडात घालायचे. टाचणी, स्क्रू, दोरा, ब्रशचं टोक, काहीही. मॉडेलच्या विमानाची हलकी लाकडी पट्टी वाकवायची असली तर लोक ती कोमट पाण्यात भिजवतात. काका ती जिभेवरून दोनदा ओढायचे आणि तशीच ओली माझ्यापुढे धरायचे, "पकड भिया, इथून." मला पकडावी लागायची. शी! लिहिताना आत्तासुद्धा अंगावर काटा आला.

परदेशीपुऱ्यातल्या एका कापड मिलमध्ये ते फोरमन होते. मिल बंद पडून जमाना झाला, हुद्दा तेवढा नावाला चिकटून राहिला. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एकटे राहायचे. आमच्या इंदूरला स्वच्छतेचा केवढा अभिमान. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत दारात येते, ओला वेगळा द्या, सुका वेगळा द्या. काकांच्या खोलीत ओलं काय नि सुकं काय हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. टेबलावर लाकडाचा भुसा, त्यातच पोह्यांची बशी, पोह्यांवर शेव आणि शेवेवर पुन्हा भुसा. बोटांवर वाळलेल्या गोंदाची सालं सोलून ते बशीच्या काठावर ओळीनं लावायचे आणि त्याच बोटांनी मला आग्रह करायचे. मला विमानांचं वेड नसतं तर मी त्या खोलीची पायरी चढलो नसतो.

रिमोटवर उडणारं, एकावर एक अशा दोन पंखांचं एक विमान त्यांच्या मुलानं बंगलोरहून पाठवलं होतं, म्हणजे विमानाचं किट. लाकडाचे कापलेले तुकडे, तारा, चाकं आणि एक जाडजूड पुस्तिका. काकांनी पुस्तिका उघडली, चार पानं चाळली आणि गरम कढईखाली सरकवली. मी वैतागलो. तर म्हणाले, "किटवाल्यानं सांगितलं तसं जोडलं तर ते किटवाल्याचं विमान झालं ना यार. अपना क्या?"

मग सुधारणा सुरू झाल्या. पंखांच्या चार बरगड्या त्यांनी नव्यानं कापल्या. चाकं बदलली, कारण काळ्या मातीच्या ढेकळांत ती बारकी चाकं अडकणार म्हणे. किट तेलावरच्या इंजिनासाठी होतं. काकांनी तिथं विजेवरची मोटर बसवली. प्रत्येक बदल ते मला समजावून सांगायचे आणि सांगताना त्यांच्या तोंडातली बडीशेप माझ्या शर्टावर उडायची. मी शर्ट झटकायचो, ते पुढचं सांगायचे. पण खोटं कशाला बोलू, त्यांचा एकही बदल चुकीचा नव्हता. पट्टी आणि कंपास न लावता हा माणूस नुसत्या बोटांनी जे ओळखायचा ते मला मोजूनही जमायचं नाही.

मार्चमध्ये मुलानं कळवलं की आता एकटं राहणं पुरे, महिनाअखेर न्यायला येतो. फ्लॅटला गिऱ्हाईक मिळालं होतं. काकांनी त्याला बरं म्हणून सांगितलं. मला मात्र म्हणाले, "बस, हे एकदा उडालं पायजे. तिकडं उडवायला मैदान कुठलं? हे उडालं तर तिकडं जाऊन पन काहीतरी बनवेन मी. नाही तर मग टीव्ही आहेच." इंदूरबाहेर, हातोदच्या पुढे माझ्या एका मित्राचं शेत आहे. गहू निघाला की तिथं रविवारी सकाळी जायचं ठरलं.

शनिवारी संध्याकाळी विमान माझ्या घरी आलं, कारण गाडी माझी. निघण्याआधी काकांनी वरच्या पंखाखाली दोन बोटं लावून ते उचललं. विमान बोटांवर सरळ राहिलं, ना नाक खाली, ना शेपूट. "फर्स्टक्लास," असं म्हणून ते गेले.

ते गेल्यावर मी नाकाची टोपी उघडली. नुसतं बघायला. मोटर इंजिनापेक्षा हलकी, म्हणून नाकात वजन घालावं लागतं हे मला ठाऊक होतं. पण ते वजन! मासेमारीचे शिशाचे मणी, दातांनी चेपलेले, दातांच्या खुणा दिसत होत्या. ते जुन्या बनियनच्या चिंधीत गुंडाळलेले, चिंधी ओलसर, तिला बडीशेप चिकटलेली, वरून दोऱ्याची गाठ. वर्षभराची किळस एकदम घशाशी आली म्हणा ना. मी वर्तमानपत्राच्या कागदात धरून तो गोळा उपटला आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकला. त्याच्या जागी शिशाचा एक स्वच्छ, चौकोनी तुकडा चिकटवला. वजन हातानंच अंदाज घेऊन ठरवलं. डब्यातून तो गोळा काढून काट्यावर ठेवायला माझा हात धजेना. सकाळी कचऱ्याची गाडी आली आणि तो गेला.

शेतावर काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. विमान गाडीतून काढलं आणि सवयीनं पंखाखाली बोटं न्यायला लागले. मी घाईघाईनं म्हणालो, "काका, काल बघितलंत ना? चला, वारा वाढेल." त्यांनी माझ्याकडे बघितलं, हसले, आणि बोटं काढून घेतली. माझ्या शब्दावर.

विमान सुरेख धावलं. जमीन सोडली आणि नाक वर गेलं, आणखी वर, आणखी वर. काका रिमोटची काडी पुढे दाबत होते, शेपूट ऐकेना. क्षणभर ते हवेत उभंच राहिलं, मग एका पंखावर कलंडून ढेकळांत आदळलं. दोन्ही पंख मोडले. काय झालं ते मला तिथल्या तिथे कळलं, नाकातला माझा तुकडा हलका पडला होता. तोंड उघडलं असतं तर दोन वाक्यांत संपलं असतं. मी उघडलं नाही. चिंधीची किळस करणाऱ्या माझ्यासारख्या टापटिपीच्या माणसाला हा घाणेरडेपणा अगदी सहज जमला.

काकांनी तुकडे गोळा केले. बराच वेळ आपली उजव्या हाताची बोटं चोळत बसले. मग म्हणाले, "शेपूट जड राहिली रे. बोटांना समजलंच नाही. हात गेले भिया माझे." मी म्हणालो, असं होतं कधीकधी, काका.

बंगलोरला जाताना त्यांनी चाकू, पकडी, लहान करवती सगळं माझ्या दारात आणून ठेवलं. मी नको नको म्हणत होतो. "तुझे हात साफ आहेत," म्हणाले.

त्यानंतर मी त्यांना तीनदा फोन लावला. सांगायचं ठरवून लावतो आणि त्यांचा आवाज आला की हवापाण्याचं विचारून ठेवतो. मागच्या आठवड्यात मुलानं उचलला. खुशीत होता. म्हणाला, बाबा आता ओळखू येणार नाहीत तुम्हाला, टेबल एकदम स्वच्छ, नखं स्वच्छ, कपड्यांवर एक डाग नाही. दिवसभर सोफ्यावर बसून असतात, कशालाच हात लावत नाहीत.

"छान झालं," मी म्हणालो.